चार रेझर आणि अप्पांचा गाल

जानेवारीच्या अठरा तारखेला भालकीच्या बाजारात मी दाढीचे चार रेझर विकत घेतले. एकूण रक्कम तेराशे पन्नास. हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि दुकानदार. दुकानदारानं न मागता पावती दिली, ते मला तिथंच खटकलं. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलं आहे. न मागता पावती देणारा माणूस एक तर फार सरळ असतो, नाही तर माल परत येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

रेझर माझ्यासाठी नव्हते. अप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी होते. अप्पांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. नक्की आकडा शाळेच्या दाखल्यावर एक आहे, आधार कार्डावर दुसरा, आणि त्यांच्या स्वतःच्या मते तिसराच. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ करायची गोळी लावून दिली आणि बजावलं, कुठं कापू देऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. अप्पांचा उजवा हात थरथरतो. आणि दाढी त्यांना एक दिवसाआड लागते. वाढू द्या म्हटलं तर म्हणतात, दाढी वाढलेला माणूस म्हणजे ज्याचं कुणी नाही असा माणूस.

दुकानात तुलना करायला म्हणून मी त्यांचा जुना रेझर रुमालात गुंडाळून नेला होता. पितळेचा, दोन भागांचा, वरचा मुलामा उडून आता गुळासारख्या रंगाचा झालेला. काउंटरवर रुमाल सोडला आणि वास आला. ओलं पितळ, तुरटी, आणि त्यांच्या खाली कुठंतरी उसाच्या पाचटाचा धूर. दुकानदार नव्या रेझरच्या तारखा आणि हमी सांगत होता, आणि मी त्या वासाला धरून आमच्या गल्लीत जाऊन पोचलो होतो.

तेव्हा रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर गल्लीतले बाप्ये ओळीनं बसत. चुलीवर पाचट जाळून पाणी तापवलेलं असे, म्हणून पाण्यालाही धुराचा वास यायचा. साबण आधी कपड्याचा, पुढं कधीतरी वाटोळ्या डबीतला आला. ब्रशाचे निम्मे केस झडलेले. तुरटीचा एकच खडा हातोहात फिरत असे. फिरून फिरून तो खडीसाखरेसारखा पारदर्शक होत गेला आणि एका उन्हाळ्यात दिसेनासा झाला. आणि रेझर हा एकच. अप्पांच्या थोरल्या भावानं, मोठ्या काकांनी, हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला. काका तिथं एका कारखान्यात होते. बोलणं निम्मं दखनी झालं होतं.

कुठलीही वस्तू काका सरळ घेत नसत. हा रेझर घेण्याआधी त्यांनी म्हणे सहा रेझर पारखले होते. त्यांची रीत त्यांनी सगळ्या गल्लीला शिकवली होती. "पैले कान, बादमें हाथ, उसके बाद गाल." म्हणजे आधी नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, आत पोकळ असेल तर रेझर खोकतो. मग हाताच्या केसांवर पातं फिरवून पाहायचं. गालाची पाळी शेवटी. गाल काही बाजारात मिळत नाही, असं ते म्हणत.

ओट्यावर एक नियम होता. कुणी स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. पहिल्यानं दुसऱ्याची करायची, दुसऱ्यानं तिसऱ्याची, आणि ओळ संपली की शेवटच्यानं पहिल्याची. सुरुवातीला गल्लीत आरसा तळहाताएवढाच होता, म्हणून असं सुरू झालं असेल. पण पुढं मोठा आरसा आला तरी नियम राहिला. काकांचं म्हणणं असं, की ज्याला थोड्या वेळानं आपलाही गळा पुढं करायचा आहे तो दुसऱ्याच्या गळ्यावर घाई करत नाही. माणसाच्या चांगुलपणावर काकांचा फारसा भरवसा नव्हता. त्यांनी ओळच अशी लावली होती, की चांगुलपणाची गरज पडू नये.

पातं बोथट झालं की काचेच्या पेल्यात आतून बोटानं दाबून घासत. त्या किर्र आवाजानं दात शिवशिवत. एकच पातं किती गालांवरून जायचं ते आज डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठतील. अगदीच निकामी झालं की पातं आईकडे जाई. ती त्यानं जुन्या कपड्यांची शिवण उसवायची. आमच्या घरात कुठलीही वस्तू एकदम मरत नसे.

ओळीतले गाल हळूहळू बदलत जात, तेही मला दिसत असे. आले तेव्हा काळवंडलेले, गेले तेव्हा लख्ख. दाढी झालेली माणसं जरा ताठ चालत. त्यांच्या गालांवर उन्हं पडत आणि ते उगाचच हातानं गाल चाचपत घरी जात.

गावात न्हावी होता. त्याची पत्र्याची पेटी होती, चालताना आतल्या वस्तू खुळखुळत. ती खुळखुळ वेशीपासून पाटलाच्या वाड्यापर्यंत, वाड्यापासून जनावरांच्या हौदापर्यंत यायची आणि हौदापाशी वळायची. हौदाच्या अलीकडे आमची गल्ली. का वळते, हे कुणी विचारत नसे. नदी का वळते हे जसं कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात तोच न्हावी हौदापाशी पाटलाच्या म्हशी भादरायचा. केसांचे पुंजके वाऱ्यानं आमच्या बाजूला येत. खालून म्हशीचं काळंभोर, ओलं अंग निघे. ओट्यावरून सगळं दिसायचं. बाप्ये बोलणं थांबवत आणि पेल्यात पातं घासत राहत. अप्पा त्यावर आयुष्यात एकदाच बोलले. म्हणाले, "हात हलका हाय त्याचा."

मग नोकऱ्या आल्या, कुणी पुण्याला गेलं, कुणी हैदराबादला. घरोघरी आरसे आले. माझ्या ओठावर मिसरूड फुटेपर्यंत ओळ मोडली होती. मी आरशापुढे एकटा उभा राहून दाढी शिकलो. दुसऱ्याच्या गालावर हात ठेवायची वेळ माझ्यावर आली नाही. एका रविवारी ओट्यावर फक्त दोन शेळ्या बसल्या होत्या, एवढं आठवतं. काका गेल्यावर रेझर अप्पांकडे आला.

तर ते चार नवे रेझर. मी पद्धतशीर कामाला लागलो. आळीपाळीनं दोन-दोन वापरायचे, माझ्या डाव्या गालावर एक आणि उजव्यावर दुसरा. प्लास्टिकच्या दांड्याचा साठ रुपयांचा होता. त्यात पातं तिरकं बसायचं, एक बाजू चावायची, दुसरी नुसती फिरायची. फुलपाखरासारखा उघडणारा एकशेऐंशीचा. पाणी लागलं की त्याचं मळसूत्र आपोआप सैल होई, आणि आपोआप सैल होणाऱ्या गोष्टीवर मी कधी विश्वास ठेवलेला नाही. पाच पात्यांचा तीनशे नव्वदचा, त्याला पात्यांवर एक चिकट पट्टी. पहिल्या दिवशी तो इतका गुळगुळीत चालला की मला शंका आली. चौथ्या वेळेला पात्यांच्या मध्ये केस अडकून बसले आणि बदलायच्या डोक्याचा भाव विचारल्यावर शंका खरी ठरली. रेझर स्वस्तात देऊन ते डोक्यावर वसूल करतात. चौथा सातशेवीसचा, जड, चकचकीत. तो दाबावा लागत नसे. स्वतःच्या वजनानंच उतरायचा. पातं साधं, कुठल्याही दुकानात मिळणारं. वर्षाचा खर्च काढला तर हाच स्वस्त पडत होता. गुळगुळीतपणा, वेग, किंमत, तिन्ही बाजूंनी निकाल एकच.

मी तो अप्पांपुढे ठेवला. त्यांनी आधी टिचकी मारून कानाशी धरला. मग वास घेतला. मग किंमत विचारली.

"सातशेवीस? एवढं कामून? कशावर फुकट मिळालाय का? मला खरं सांग."

मी पावती दाखवली. पावती बघून त्यांचा संशय वाढला. आमच्याकडे तो वंशपरंपरेनं आला असावा.

एवढा जड रेझर त्यांच्या थरथरत्या हातात देण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, मी करतो. त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं, गरम पाणी घेतलं, फेस केला. अप्पांनी डोळे मिटले नाहीत. जकात नाक्यावरचा माणूस बैलगाडीकडे बघतो तसे माझ्या हाताकडे बघत राहिले. स्वतःच्या गालावर मला कुठं वळायचं ते न बघता कळतं. त्यांच्या गालावर कळेना. कातडी सैल, एका बाजूला ओढली की दुसरीकडे घडी पडे. मी एका हातानं कातडी ताणली आणि कानाच्या खाली रेझर उतरवला. स्वतःच्या वजनानं उतरणारा रेझर उतरतच गेला.

रक्त संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. सुनंदा कापूस दाबून बसली होती. पांढरा पंचा गेला, दुसरा घेतला. डॉक्टरांना फोन झाले. अप्पा आढ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तू तुझ्या गालाचा हिशेब केलास. माझ्या न्हाई."

त्यानंतर सुनंदानं पाचही रेझर, जुना धरून, कपाटात टाकले आणि किल्ली पदराला बांधली. "आता दाढीचं नाव काढायचं न्हाई कुणी," ती म्हणाली. अप्पांची दाढी वाढू लागली. पांढरी, विरळ, गळ्यावर जास्त. आणि ते बाहेर यायचे थांबले. विहारात रविवारी वंदनेला जात, ते बंद. ओट्यावर पेपर वाचत, ते बंद. पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसत. कुणी भेटायला आलं की सुनंदाला आतून सांगायचे, झोपलोय म्हण. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. जखम भरली, पण माणूस दिवसेंदिवस आत आत चालला होता, आणि तो कुठल्या गोळीनं परत येईल ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

अशात एका दुपारी व्यंकट दारात आला. व्यंकट म्हणजे त्या पेटीवाल्या न्हाव्याचा नातू. बस थांबते तिथं त्याचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. आमच्या गल्लीतली तरणी पोरं केस कापायला भालकीला जातात. व्यंकटकडे का जात नाहीत, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्याच्या खांद्याला पिशवी, पायातली चप्पल उंबऱ्याबाहेर काढलेली.

"अप्पाला बरं न्हाई कळलं," तो मला म्हणाला. "म्हटलं, घरीच येऊन दाढी करून द्यावी. आठवड्याला दोनदा येत जाईन. पैशाचं काय न्हाई."

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. सराईत हात, घरच्या घरी, रक्ताची भीती नाही. पण सुनंदानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं की पंचायतीच्या निवडणुकीला व्यंकटच्या बायकोनं फॉर्म भरलाय. मी तिथंच उभ्या उभ्या आमच्या गल्लीतली मतं मनात मोजली. आकडा चांगला मोठा होता. म्हणजे असं आहे तर. तरीही मनात आलं, असू दे. मतासाठी का होईना, गाल तर वाचतोय.

बाहेर आलो तर अप्पा पलंगावर उठून बसले होते. कित्येक दिवसांनी त्यांचं तोंड दाराकडे होतं.

"बायको उभारलीय म्हणं," ते व्यंकटला म्हणाले.

"व्हय अप्पा. पण ते वेगळं."

"वेगळं असंल. घरी कामून यायलास? दुकान हाय ना तुझं?"

"तुमाला त्रास नको म्हणून. तेवढं चालत यायचं."

"मला त्रास, का तुला?"

व्यंकटनं पिशवीचा बंद एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. मग तो म्हणाला, या की दुकानात, मी कधी न्हाई म्हटलंय, मंगळवारी या, गर्दी नसते.

अप्पा हसले. ते हसणं मी फार दिवसांनी ऐकलं आणि ते काही गोड नव्हतं. "मंगळवारी तुझं शटर खाली असतंय. मला ठाव न्हाई व्हय?"

आमच्याकडे मंगळवारी एकजात सगळी केस कापायची दुकानं बंद असतात. व्यंकटचा चेहरा उतरला. मला त्याची दयाही आली. तो वाईट माणूस नाही. त्याच्या आजोबांनी आमच्या गल्लीत पेटी आणली असती तर बाकीच्या गावानं त्यांना दारात उभं केलं नसतं, पोटच मारलं असतं. ती भीती पेटीबरोबर नातवाकडे आली होती, आणि आता तिच्यात मतांची भर पडली होती. आमच्याकडची मतं हवीत आणि हौदापलीकडची जायला नकोत. घरी येऊन गुपचूप केलेली दाढी त्याला दोन्हीकडून परवडत होती.

"रविवारी येतो," अप्पा म्हणाले. "सकाळी. सगळे असतात तवा."

व्यंकट गेल्यावर मी अप्पांना समजवायला गेलो. कशाला हट्ट, मी म्हणालो, घरात काय, दुकानात काय, दाढी ती दाढीच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सांगत होते की तुझी बेरीज बरोबर आहे पण रक्कमच चुकीची धरलीस.

रविवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. गळ्यावरची दाढी कॉलरवर टेकत होती. आम्ही दोघं हळूहळू निघालो. हौद आता कोरडा आहे, त्यात कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या रचल्या आहेत. तिथून पुढं गेलो. मला सारखं वाटत होतं की शटर खाली असेल, किंवा व्यंकटला नेमकं आजच तालुक्याला जावं लागलं असेल.

शटर वर होतं. आत पावडरीचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. समोरासमोर आरसे, त्यामुळे चार माणसं चाळीस दिसत होती. एक गिऱ्हाईक खुर्चीत, बाकावर दोघं. दुसरी खुर्ची चिंध्या आणि डब्यांनी भरलेली. आम्ही बाकावर टेकलो तसा बाकावरचा एकजण उठला, खिशातला फोन कानाला लावून बाहेर गेला. मला रिंग ऐकू आली नव्हती. तो खरंच फोनवर बोलायला गेला असेल. तो परत आला नाही, एवढंच मी सांगू शकतो.

खुर्ची रिकामी होताच व्यंकट घाईनं म्हणाला, "अप्पा, तुमी बसा आधी. म्हातारं माणूस."

"ह्यांचा नंबर हाय," अप्पा बाकावरच्या उरलेल्या माणसाकडे बोट करून म्हणाले. "माझा मागून. मला काय घाई न्हाई."

तो माणूस, शेजारच्या वस्तीवरचा शेतकरी, कटिंगला बसला. पंखा फिरत राहिला. रस्त्यानं उदगीरची बस गेली, तिच्यातून दोन-तीन ओळखीचे उतरले, दुकानात डोकावले, अप्पांना बघून थबकले, रामराम करून गेले. एकजण टपरीपाशी थांबून बराच वेळ बघत राहिला. अप्पा हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता.

मग त्यांचा नंबर आला. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नवं पातं समोर फोडायला लावलं. व्यंकटनं कागद काढून दाखवला, पातं मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं. अप्पांनी वस्तरा मागून घेतला, टिचकी मारली, ऐकलं, परत दिला. व्यंकटच्या कपाळावर घाम होता. गोळीचं मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्यानं फेस लावला, आणि फेस लावताना त्याचा डावा हात अप्पांच्या गालावर टेकला, तेव्हा बाहेरच्या टपरीपाशीही कुणी बोलत नसावं असं मला वाटलं. कदाचित बोलत असतील. मला काही ऐकू येत नव्हतं.

अप्पांनी डोळे उघडेच ठेवले होते. आरशात त्यांना वस्तरा दिसत होता, आणि वस्तऱ्याच्या मागे रस्ता. ते दोन्हीकडे बघत होते. कातडीच्या घड्या व्यंकट दोन बोटांनी अशा उलगडत होता जशा आपण नोटा उलगडतो. खर्र खर्र असा बारीक, एकसारखा आवाज. कानाखाली माझ्या जखमेच्या व्रणापाशी तो थांबला, वाकून बघितलं, आणि व्रणाला वळसा घालून गेला. एक गाल, दुसरा गाल, गळा. रक्ताचा ठिपकासुद्धा नाही. मी घेतलेल्या चारही रेझरांपेक्षा हे सरस होतं, ते मी तिथंच कबूल केलं.

व्यंकट टॉवेल घ्यायला वळला तसे अप्पा म्हणाले, "उलटा हात न्हाई मारलास."

"तुमची कातडी नाजूक हाय अप्पा, म्हणून."

"बाकीच्याला मारतोस ना? मग मार."

व्यंकटनं पुन्हा फेस लावला आणि खालून वर, उलटा हात मारला. सावकाश. मग तुरटी फिरवली, पाणी, पावडर. अप्पांनी आरशात चेहरा दोन्हीकडे वळवून बघितला. गाल लख्ख निघाले होते. हातानं त्यांनी चाचपले नाहीत, कारण हात अजून थरथरत होता आणि तो त्यांना तिथं कुणाला दाखवायचा नव्हता.

खुर्चीतून उतरून त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. भिंतीवर दर लिहिला होता, दाढी पन्नास, कटिंग शंभर.

"राहू द्या अप्पा," व्यंकट म्हणाला. "तुमच्याकडून काय घ्यायचं."

"माझ्याकडून कामून न्हाई?"

व्यंकट वस्तरा पुसू लागला.

"बायकोला मत देईन का न्हाई, ते मी पेटीत सांगंन. हे दाढीचं हाय. धर."

अप्पांचा हात पुढं होता आणि नोट थरथरत होती. मला वाटलं व्यंकट म्हणेल, टेबलावर ठेवा. व्यंकटनं एकदा टपरीकडे बघितलं. तिथं आता चौघं उभे होते. एकदा माझ्याकडे बघितलं. मग हात कमरेच्या टॉवेलला पुसून पुढं केला.

पन्नास रुपये. व्यंकटला. हातात.